बंद गल्लीचा हिशेब

शहर वाढते तसतशी त्याच्या रस्त्यांची परस्परांशी असलेली गाठ सैल होत जाते. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अॅडम मिलार्ड-बॉल यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला जागतिक अभ्यास हेच सांगतो. चौकात किती रस्ते मिळतात, किती गल्ल्या पुढे बंद होतात, दोन ठिकाणांमधला वळसा किती, अशा खुणांवरून त्यांनी ही तुटकता मोजली, आणि १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात ती वाढत गेल्याचे दाखवले. निष्कर्ष आम्हांस मान्य आहे. मोजपट्टीविषयी मात्र बडोद्याच्या नागरवाड्यात उभे राहून थोडे बोलावेसे वाटते.

जुन्या बडोद्यातील पोळ ही बहुधा एकतोंडी. एक दरवाजा, आत समोरासमोर घरे, शेवटी भिंत. नकाशावर ती आणि भायलीकडील नव्या सोसायटीतला रस्ता सारखेच दिसतात, कारण दोहोंची टोके बंद. परंतु पोळेच्या तोंडाशी आलेला माणूस दहा पावलांत दुसऱ्या गल्लीत आणि तेथून बाजारात पोहोचतो. सोसायटीच्या फाटकाबाहेर आलेल्यास भिंतीपलीकडच्या घरी जायलाही हमरस्ता धरावा लागतो. साठीच्या बाई तेथे पायी जात नाहीत, रिक्षा बोलावतात. वळसा मोजला जातो खरा, पण साऱ्या खुणांची एकच बेरीज केली की हा भेद पुसट होतो.

पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ साली सयाजीराव महाराजांसाठी बडोद्याच्या विस्ताराचा अहवाल लिहिला. जुन्या वस्तीतून सरळ रस्ता कापण्याच्या अभियांत्रिकी हौसेला त्यांचा विरोध असे. पडकी घरे काढून थोडक्या छाटणीत भागवावे, ही त्यांची रीत. गेडिसांच्या चाहत्यांनी (आम्हीही त्यांतलेच) गल्लीचे कौतुक करताना एक प्रश्न मात्र टाळला. पोळेचा दरवाजा रात्री कोणासाठी बंद होई? गुजरातेतील गावोगावच्या नागरवाड्यांची नावेच ज्ञातीची आहेत. सोसायटीचे फाटक हा त्या दरवाजाचाच वारस. फक्त पूर्वी आतबाहेर जोडणाऱ्या गल्ल्या तरी होत्या.

गुजरातेत १९७६ च्या कायद्याखालील नगररचना योजना जमिनी एकत्र करून रस्ते आखते आणि मालकांना नवे भूखंड परत देते. दोन सोसायट्यांच्या भिंतींमधून सार्वजनिक पायवाट सोडायची तर ती याच टप्प्यावर सोडता येईल. भिंत एकदा उभी राहिली की तेवढ्या चार हातांसाठी रहिवाशांचे मन वळवणे किती अवघड असते, हे सोसायटीच्या एखाद्या सभेला बसलेल्या कोणासही ठाऊक आहे.