नियतकालिक आणि अनियतकालिक

गेल्या पावसाळ्यांत खोडाळ्यास चार दिवस मुक्काम घडला, तेव्हां तेथील दोन तरुण शिक्षक भेटावयास आले. वारली आणि कोकणा बोलींतील कथा, गीतें आणि नव्या कविता यांचें एक लहानसें पत्र काढण्याचें त्यांच्या मनांत होतें. भांडवल म्हणजे दोघांच्या पगारांतून उरेल तें. मासिक काढावें, कीं जमेल तेव्हां अंक काढावा, एवढाच त्यांचा प्रश्न. नीट उत्तर तेव्हां आमच्यानें देववलें नाहीं. तें येथें देतों.

मराठींतील अनियतकालिकांविषयीं जें लिहिलें जातें, त्यांत दारिद्र्याचें कौतुक फार आढळतें. १९५४ सालीं रमेश समर्थ, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर या तरुणांनीं मुंबईंत 'शब्द' काढला, तो सायक्लोस्टाईल करून. मेणकागदावर अक्षरें कोरावयाचीं, तो शाईच्या रुळावर चढवावयाचा आणि एकेक पान फिरवून काढावयाचें, अशी ही रीत. खिळे जुळविण्याची मजुरी नाहीं, छापखान्याचें देणें नाहीं. प्रती थोड्या निघतात खऱ्या. पण नव्या कवितेस आरंभीं वाचकहि थोडेच लागतात, हें त्या तरुणांनीं ओळखलें, आणि याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. मात्र पैसा नव्हता म्हणून कविता तेजस्वी झाली, असें जें सुचविलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं. मेणकागदानें कोलटकरांची वाट अडविली नाहीं, इतकेंच.

'शब्द' १९६० पर्यंत चालला. 'अनियतकालिक' या नांवांतच एक कबुली आहे. वाचकास वचन नाहीं, म्हणून वर्गणी नाहीं. वर्गणी नाहीं, म्हणून पुढला अंक कोणाच्या तरी खिशावर. त्या खिशाच्या धन्याची बदली झाली, लग्न झालें, घरांत दुखणें आलें, कीं अंक राहिला.

याउलट निबंधमाला पाहावी. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंत मास्तर होते. १८७४ सालीं त्यांनीं माला सुरू केली, जवळजवळ सर्व मजकूर एकहातीं लिहिला, आणि ८४ अंक काढले. मालेंत पाल्हाळ आहे. एकेक निबंध अनेक अंकांतून रेंगाळतो. पुढल्या महिन्याचीं पानें भरावयाचीं असल्याचा धाक त्यांत आम्हांस स्पष्ट दिसतो. पण तोच वाचक दर महिन्यास समोर येणार, या जाणिवेनेंच त्या गद्यास वाचकाशीं भांडण्याची, त्याची थट्टा करण्याची, मागला मुद्दा पुन्हां काढण्याची ऐट आली. ही ऐट अधूनमधून भेटणाऱ्या अंकांस सहसा येत नाहीं.

नियमितपणास दुसरीहि बाजू आहे. 'सत्यकथे'चे अंक १९६९ सालीं अनियतकालिकवाल्यांनीं जाळले. जाळणें आम्हांस रुचत नाहीं. परंतु वर्षानुवर्षें चालणाऱ्या मासिकाचें दार एकाच रुचीच्या हातीं राहतें, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. 'सत्यकथा' १९८२ सालीं बंद पडली, म्हणजे वचन पाळणाऱ्यांसहि अमरत्व नाहीं. इकडे अशोक शहाणे यांचें 'असो' थांबलें, तरी त्यांच्याच प्रास प्रकाशनानें १९७७ सालीं 'अरुण कोलटकरच्या कविता' हें पुस्तक काढलें.

खोडाळ्याच्या मित्रांस आमचें सांगणें असें, कीं मासिकाच्या फंदांत पडूं नये, पण तारीख मात्र बांधून घ्यावी. ती इंग्रजी महिन्याची कशाला हवी? भातलावणी आटोपली कीं एक अंक, वाघबारशीस एक, शिमग्यास एक. सोळा पानें, वर्गणी आगाऊ. ज्या म्हातारीकडून कथा मिळाली, तिला ती छापण्यापूर्वीं वाचून दाखवावी आणि प्रत फुकट द्यावी. बोलीचें लेखन शुद्ध करण्याचा मोह आमच्यासारख्या प्राध्यापकांस होतो, तेव्हां मुद्रितें आमच्याकडे पाठवूं नयेत.

तीन अंकांची वर्गणी आम्ही धाडली आहे. पावती अद्याप आलेली नाहीं.