जिलबीवरचे आरोपपत्र

फराळाचे ताट पुढ्यात असताना वाचकांच्या हाती लठ्ठपणावरचा लेख देणे हा अरसिकपणाच होय. परंतु आरोग्याच्या प्रचाराने अलीकडे असे वळण घेतले आहे, की त्याच ताटातल्या एकेका जिनसेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात आहे. तेव्हा तिच्या वतीने दोन शब्द बोलायला दिवाळीइतका योग्य मुहूर्त नाही. शिवाय फलक, भित्तिपत्रके, घोषवाक्ये हेही एक वाङ्मयच आहे. त्याला कोट्यवधी वाचक लाभतात आणि टीकाकार मात्र एकही लाभत नाही. कादंबरी तपासताना आपण जे प्रश्न विचारतो, ते या वाङ्मयालाही विचारून पाहावेत.

ताजे उदाहरण घेऊ. २१ जून २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निरनिराळ्या मंत्रालयांना आणि सरकारी कार्यालयांना एक पत्र धाडले. उपाहारगृहांत आणि बैठकीच्या खोल्यांत तेल व साखर यांचे प्रमाण सांगणारे फलक लावावेत, कार्यालयीन कागदांवर व पाकिटांवर आरोग्याचा संदेश छापावा, लोकांनी जिने चढावेत, असा त्याचा आशय होता. त्यामागची चिंताही खोटी नव्हती. २०२१ साली देशातील सुमारे १८ कोटी प्रौढ माणसे जादा वजनाची किंवा लठ्ठ होती. हा आकडा २०५० पर्यंत ४४.९ कोटींवर जाईल, असा अंदाज त्यात दिला होता. पत्र असे संयमी. पण जुलैत बातमी झळकली ती मात्र निराळीच! नागपूरच्या एम्सचे नाव घेऊन सांगण्यात आले, की समोसा आणि जिलबी यांच्यावर आता सिगारेटप्रमाणे इशारे येणार. चर्चा इतकी पेटली, की १५ जुलै रोजी सरकारला खुलासा करावा लागला: विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापण्याचा आदेश आम्ही दिलेला नाही आणि भारतीय पदार्थांना वेगळे काढून दोषही दिलेला नाही.

चार आठवड्यांच्या आत एका रुक्ष पत्राचे जिलबीवरचे आरोपपत्र कसे झाले? कथा लिहिणाऱ्याला याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. ‘आहारातील एकूण स्निग्धांश’ या पात्राला चेहरा नाही, जिलबीला आहे. लोकांना गोष्ट लक्षात राहते ती खलनायकामुळे. आणि खलनायकाची सोय अशी, की तो एकदा सापडला म्हणजे बाकीची सारी पात्रे निर्दोष सुटतात. दुय्यम दर्जाच्या कादंबरीचा हाच दोष आपण दाखवीत आलो आहोत. आरोग्याच्या प्रचारात हा दोष केवळ वाङ्मयीन राहत नाही. तो माणसांच्या ताटात उतरतो.

असे खलनायक यापूर्वीही होऊन गेले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोणी आणि अंडे यांच्यावर ठपका आला. ब्रिटनमध्ये जॉन युडकिन हे प्राध्यापक साखरेकडे बोट दाखवीत होते. १९७२ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पण त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे २०१६ साली जुनी कागदपत्रे उजेडात आली. स्निग्ध पदार्थांवर बोट ठेवून साखरेला सौम्य वागणूक देणारा एक लेख १९६७ साली अमेरिकेतल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्याच्या लेखकांना साखर उद्योगाने पैसे पुरविले होते, असे त्यांतून दिसले. म्हणजे एका आरोपीला पुढे ढकलून दुसऱ्याने काढता पाय घेतला होता!

लोण्याच्या जागी पाश्चात्त्यांच्या टेबलावर मार्गारिन आले, आणि त्यात पुष्कळदा तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून गोठविलेली चरबी असे. आपल्याकडे १९३७ पासून डालडाच्या डब्यातून जे वनस्पती तूप घरोघर शिरले, ते याच कुळातले. साजूक तुपाहून ते स्वस्त म्हणून आपण घेतले. या प्रक्रियेत निर्माण होणारे ट्रान्स फॅट हृदयाला लोण्याहूनही घातक, हे १९९० नंतरच्या संशोधनाने दाखविले. आणि आपल्या देशात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा लागू व्हायला जानेवारी २०२२ उजाडले. इकडे अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शनातून कोलेस्टेरॉलची रोजची ठरलेली मर्यादा २०१५ नंतरच्या आवृत्तीत गळाली आणि बिचाऱ्या अंड्यावरचा मोठा आरोप सैल पडला. एवढ्यावरून शास्त्रज्ञांना हसण्याचे कारण नाही. आपली चूक दुरुस्त करणे हा शास्त्राचा गुणच आहे. पण शास्त्र ज्या सावधपणे बोलते, तो सावधपणा घोषवाक्यात मावत नाही. फाशीची शिक्षा आधी होते, फेरतपासणी मागाहून.

या प्रचाराचे दुसरे वैगुण्य मला शिक्षक म्हणून अधिक बोचते. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. लहान वयात मधुमेह दिसू लागला आहे. तेव्हा हेतूबद्दल शंका नको. शीतपेयाच्या बाटलीत साखर किती, हे मुलांना कळायलाच हवे. परंतु फलक कोण कसा वाचतो, हेही पाहिले पाहिजे. वर्गातली चाळीस मुले असा फलक वाचतात आणि मग वळून एका मुलाकडे पाहतात. तो मुलगा फलकातले ग्रॅम विसरेल. त्या चाळीस नजरा विसरणार नाही. घरी गेल्यावर हाच ठपका आईच्या वाट्याला येतो, कारण कढई तिच्या हाती असते. पदार्थावर सुरू झालेला खटला खाणाऱ्यावर आणि रांधणाऱ्यावर येऊन ठेपतो. कारखानदार, जाहिरातदार, शाळेचे मैदान गिळणारी इमारत, चालायला पदपथ नसलेला रस्ता यांच्या नावाने पुकाराही होत नाही.

पुन्हा देश एकच असला तरी ताटे एकसारखी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आढळले. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रियांचे वजन हवे त्यापेक्षा कमी निघाले. ‘तेल कमी करा’ हे एकच वाक्य या दोघींना कसे सांगायचे? एकीला तो सल्ला आहे. दुसरीच्या घरी ती थट्टा ठरेल.

मग प्रचार करूच नये की काय? तसे मुळीच नाही. तळलेले आणि गोड पदार्थ अति खाल्ल्याने अपाय होतो, हे आजीबाईंच्या बटव्यालाही ठाऊक होते. माझी तक्रार आहे ती बोट कुणाकडे दाखवायचे याबद्दल. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून गोड शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणात चढता कर बसविला. गंमत अशी, की तो लागू होण्यापूर्वीच कित्येक कारखानदारांनी पेयांतली साखर कमी केली. कुणा जाड्या पोराला लाजवावे लागले नाही. पाककृती जिथे ठरते, तिथेच हुकूम पोहोचला. आपल्याकडेही गोड शीतपेयांवर ४० टक्के कर आहे, पण तो साखर किती हे पाहत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, चॉकलेटे, आईस्क्रीम व पाकीटबंद नमकीन यांच्यावरचा कर ५ टक्क्यांवर आला. महागाईने गांजलेल्या गृहिणीला तो दिलासा असेल. पण भिंतीवर एक शिकवण आणि दुकानात दुसरी, असा हा संसार आहे खरा.

जिलबीकडे पुन्हा वळू. मठ्ठा आणि जिलबी ही आपल्या लग्नाच्या पंगतीतली जोडी. पैजा मारून जिलब्या उडविणारे वीर प्रत्येक गावात होते. पण ती पंगत वर्षातून किती वेळा उठे? चकली, अनारसे, करंज्या यांना तिथी होती आणि त्यांच्यामागे चार बायकांचे चार दिवसांचे कष्ट होते. ती तिथी आणि ते कष्ट हाच त्यांच्यावरचा लगाम होता. आज तोच खमंगपणा पाकिटात भरून बाराही महिने कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेला असतो. पदार्थ तोच राहिला. त्याची तिथी हरवली. कुठलाही फलक ही गोष्ट सांगत नाही, कारण हरवलेल्या तिथीचे चित्र काढता येत नाही आणि तिला शिक्षाही देता येत नाही.

म्हणून वाचकहो, ताटातल्या करंजीकडे संशयाने पाहू नका. तिने वर्षभर वाट पाहिली आहे. संशय घ्यायचाच असेल, तर जे वाट पाहायला लावत नाही आणि सणावाराची पर्वा न करता रोज संध्याकाळी पोरांच्या हाती येते, त्याचा घ्या. आणि पंक्तीत कुणी जाडजूड पाहुणा बसला असेल, तर त्याच्या ताटात करंजी वाढताना आरोग्याचे व्याख्यान वाढू नका.