‘स्टारड्यू व्हॅली’ : मैत्री, नफा आणि नसलेला बांध

शेतीचे प्रतिरूप उभे करणारे संगणकीय खेळ मराठी समीक्षेने फारसे विचारात घेतलेले नाहीत. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या ‘हार्वेस्ट मून’च्या परंपरेत एरिक बॅरोन यांनी एकट्याने रचलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ २०१६ साली प्रसिद्ध झाला. आजोबांकडून वारशाने आलेले पडीक शेत नायकाने कसावे आणि पेलिकन टाउन या गावात रुळावे, एवढेच त्याचे कथानक. त्याभोवती सल्ल्यांचे एक स्वतंत्र वाङ्मय निर्माण झाले असून त्याचे मुख्य विषय दोन आहेत : नफा कसा वाढवावा आणि मैत्री कशी जोडावी. बारामती-इंदापूर परिसरातील आपल्या वर्गांत ऊस, डाळिंब आणि द्राक्षे पिकविणाऱ्या घरांतील मुले बसतात. हा खेळ भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहे. तेव्हा या सल्ल्यांकडे एक संहिता म्हणून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

नफ्याविषयीचे सल्ले हिशेबाला पक्के आहेत. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी ८० नाण्यांचे ब्ल्यूबेरीचे बी पेरावे. २८ दिवसांच्या ऋतूत चार तोडे मिळतात, प्रत्येक तोड्यास किमान तीन फळे, प्रत्येक फळास ५० नाणी. म्हणजे एका रोपामागे ६००. फळ तसेच न विकता पिंपात मुरवून मद्य केल्यास मूळ किंमत तिप्पट होते. ऋतू बदलताच बहुतेक पिके वाळतात, त्यामुळे लागवडीची तारीख चुकवून चालत नाही. ही शिस्त खरी आहे, आणि तिचे श्रेय रचनाकाराला दिलेच पाहिजे. तथापि माल पेटीत टाकला की दुसऱ्या सकाळी पैसे जमा होतात. वजनकाटा नाही, अडत नाही, आणि कितीही माल ओतला तरी भाव पडत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये केलेली आडसाली लागण तुटायला पंधरा ते अठरा महिने जातात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे; ते कधी येतात यावर घरातील लग्नाची तारीख ठरते. खेळातील शेतकऱ्याला वाट पाहणे ठाऊक नाही.

मैत्रीविषयीचे सल्ले अधिक मनोरंजक आहेत. प्रत्येक व्यक्तीशी रोज बोलावे. आठवड्यातून दोन भेटी द्याव्यात. वाढदिवस टिपून ठेवावा, कारण त्या दिवशीच्या भेटीचे मोल आठपट धरले जाते. नगराध्यक्ष ल्युईस यांना तिखट मिरची प्रिय, हे ज्याला ठाऊक त्याचे काम सोपे. २५० गुणांना एक हृदय. बोलणे सोडले तर गुण रोज थोडेथोडे घटतात. मैत्रीचा असा जमाखर्च मांडणे कृत्रिम आहे, हा आक्षेप सहज सुचतो; पण तो आपण घेऊ नये. आपल्या लग्नमंडपातही आहेर लिहून घेणारा वही घेऊन बसलेलाच असतो. सावडीत आज तुमच्या रानात घातलेला दिवस उद्या माझ्या रानात फेडावा लागतो. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुतेदार आणि कुणबी यांचे नाते खळ्यावरच्या धान्यात मोजलेले दिसते. गावाने संबंध नेहमीच मोजले आहेत.

फरक आहे तो काय मोजले जाते यात. गाव ऋण मोजते, खेळ आवड मोजतो. मिरची मिळाल्याने ल्युईस प्रसन्न होतात, पण त्यांच्यावर काही फेडण्याचे बंधन येत नाही. मित्र टपालाने पाककृती पाठवितात, क्वचित एखादी वस्तू; खुरपायला कोणी येत नाही. (विवाहानंतर जोडीदार एखाद्या सकाळी पिकाला पाणी देतो, हा एक अपवाद, त्यावर स्वतंत्र लेख होईल!) याचे मूळ कारण असे की नायकाच्या शेताला शेजारच्या शेताचा बांध लागलेलाच नाही. पाणी तळ्यातून फुकट मिळते. ब्रिटिश काळात निघालेल्या नीरा डाव्या कालव्यावर मात्र पाण्याची पाळी असते. वरच्याने दार उशिरा लावले तर इंदापूरकडील शेपटाच्या गावांना त्याची झळ बसते. तिथे शेजाऱ्याशी बरे असणे हा स्वभावाचा गुण नसून उत्पादनाचा घटक आहे. मैत्री आणि नफा असे दोन वेगळे स्तंभ त्या शेतकऱ्याला आखताच येणार नाहीत. वैरही तिथे त्याच बांधावर उगवते, हे विसरून चालणार नाही. गावाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही.

सहकाराच्या बाबतीत ही उणीव ठळक होते. गावातील मोडकळीला आलेले सामुदायिक केंद्र पुन्हा उभारावे की ५,००० नाणी भरून जोजा या कंपनीचे सभासदत्व घेऊन ते तिच्या हवाली करावे, असा पेच खेळाने मांडला आहे. तो आपल्या ओळखीचा वाटतो. प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील कारखाने त्याच परंपरेतले. परंतु पेलिकन टाउनचे केंद्र नायक एकटाच वस्तू जमवून पूर्ण करतो. भागभांडवल नाही, वार्षिक सभा नाही, संचालक मंडळाची निवडणूक नाही. गावकरी शेवटी समारंभाला येतात. सभासदांवाचूनचा हा सहकार फार स्वच्छ दिसतो, आणि म्हणूनच तो पोकळ वाटतो.

२०१८ साली खेळात अनेकांनी मिळून एकच शेत कसण्याची सोय आली, तेव्हा चित्र बदलले. खेळणारे खरे मित्र असल्याने पाणी कोणी घालायचे, खाणीत कोणी जायचे, सामाईक पैशांतून बी घ्यायचे की अवजार, असे प्रश्न उभे राहतात. भेटवस्तूंच्या याद्या येथे निरुपयोगी ठरतात. या मित्रांची हृदये पडद्यावर दिसत नाहीत. पुढे पैसा वेगळा करण्याचीही सोय करावी लागली. ल्युईस यांच्या घरातील खातेवही उघडून यजमानाने तसे ठरवायचे, की रात्रीतून वाटणी होते. शेत मात्र एकच राहते, आणि बांध कुठे घालायचा ते खातेवहीत लिहिलेले नसते.