‘शान’ : नटांची गर्दी आणि नगराचा अभाव

‘शोले’ हा चित्रपट १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या अपूर्व यशानंतर दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनीं काढलेला पुढचा चित्रपट म्हणजे १९८० सालचा ‘शान’. लेखक तेच सलीम-जावेद, संगीत त्याच राहुलदेव बर्मन यांचें. आणि नटवर्गांत सुनील दत्त, शशी कपूर, अमिताभ बच्चन, शत्रुघ्न सिन्हा, राखी, परवीन बाबी, बिंदिया गोस्वामी अशीं एकाहून एक मोठीं नांवें! इतकी सामग्री हाताशीं असतां हा चित्रपट मनाला कां भिडत नाहीं, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

कथानक थोडक्यांत असें. शिवकुमार हा कर्तव्यदक्ष पोलीस अधिकारी. विजय व रवि हे त्याचे धाकटे भाऊ मात्र लोकांना गंडवून चैन करणारे. बेटावर राहून गुन्ह्यांचा कारभार हांकणारा शाकाल शिवकुमारचा बळी घेतो आणि भाऊ सूड उगविण्यास सिद्ध होतात.

चित्रपटाचें अपयश नटांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. कुलभूषण खरबंदा यांनीं रंगविलेला तुळतुळीत डोक्याचा, थंड डोळ्यांचा शाकाल लक्षांत राहतो. परंतु त्याचें तें फिरतें मेज, तो मगरींचा हौद, ही सारी आरास जेम्स बाँडच्या चित्रपटांच्या धर्तीची आहे. ती पाहून नवल वाटतें. भय वाटत नाहीं. गब्बरसिंगाजवळ उघड्या खडकांवांचून दुसरा थाट नव्हता. तथापि त्याच्या दहशतीखालीं रामगड हें आख्खें गांव होतें. इमामाच्या मुलाचें प्रेत गांवांत येतें, भ्यालेले गांवकरी जय-वीरूंवर उलटतात, आणि तो आंधळा म्हातारा त्यांनाच धीर देतो. गुन्ह्याची किंमत कोण मोजतो, हें त्या एका प्रसंगांत कळतें.

‘शान’मध्यें मुंबई आहे, पण मुंबईकर नाहीं. शाकालच्या पापाचा जाच कोणत्या चाळीला, कोणत्या बाजाराला होतो, हें आपणांस दिसतच नाहीं. राहतो तो केवळ भावाचा सूड, म्हणजे एका घराचा खाजगी हिशेब. याला अपवाद एकच : मजहर खान यांचा अब्दुल. चाकांच्या फळीवरून फिरणारा हा पांगळा भिकारी शहरावर नजर ठेवून असतो. त्याचा अंत होतो तेव्हां मात्र आपलें कोणी गेलें असें वाटतें. आमच्या मतें चित्रपटाचें मर्म येथें होतें, आणि तें लेखकांच्या हातून निसटलें.

कोणी म्हणेल, करमणुकीपाशीं एवढा काथ्याकूट कशाला? मुलांनीं मगरी पाहून टाळ्या पिटाव्या, त्याला आमची मुळींच हरकत नाहीं. परंतु याच लेखकांनीं रामगड उभें केलें होतें, म्हणूनच हें गाऱ्हाणें. ज्यांच्यासाठीं लढावें अशीं माणसें नसतील, तर सात नट एकत्र आले तरी लढाई लुटुपुटीचीच राहावयाची.