बालप्रेक्षक आणि भय : 'स्पिरिटेड अवे'च्या निमित्ताने योग्यायोग्यतेचा विचार

प्रस्तावना

अॅनिमेशनपट म्हणजे मुलांचा चित्रपट, हे आपल्याकडे जवळजवळ गृहीतच धरले जाते. त्याच चित्रपटात चेटकीण, रक्त किंवा अक्राळविक्राळ आकृती दिसली की 'हा मुलांसाठी नव्हे' असा निकालही तेवढ्याच घाईने दिला जातो. हे दोन्ही निर्णय वरवरचे आहेत. पहिल्यात केवळ तंत्र पाहिलेले असते, तर दुसऱ्यात केवळ दृश्ये मोजलेली असतात. कलाकृती म्हणून चित्रपटाचा विचार दोन्हींतही होत नाही. हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे' (२००१) या जपानी अद्भुतपटाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या चित्रपटाला २००२ मध्ये बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल आणि २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. परंतु पुरस्कार मिळाल्याने चित्रपट मुलांना दाखवावा की नाही हे ठरत नाही. तो प्रश्न स्वतंत्रपणेच सोडवावा लागतो.

कथानक आणि आक्षेपाची स्थळे

दहा वर्षांची चिहिरो आईवडिलांसह नव्या गावी राहायला निघाली आहे. वाट चुकून ते एका बोगद्यातून ओसाड वस्तीत शिरतात. तेथे मांडलेल्या अन्नावर आईवडील विनासंकोच तुटून पडतात आणि त्यांची डुकरे होतात. ही वस्ती देवदेवतांच्या स्नानगृहाची असून युबाबा ही जादूगारीण तिची मालकीण आहे. ती चिहिरोला कामावर ठेवते आणि करारावरील तिच्या नावाची अक्षरे काढून घेऊन तिला 'सेन' बनवते. स्वतःचे नाव विसरणाऱ्याला परतीची वाट सापडत नाही, असा तेथील नियम आहे.

मुलांच्या दृष्टीने आक्षेपार्ह ठरू शकणारी स्थळे उघड आहेत : आईवडिलांचे रूपांतर, चिहिरोचे शरीर पारदर्शक होऊ लागणे, कागदी पक्ष्यांच्या हल्ल्याने रक्तबंबाळ झालेला ड्रॅगनरूपी हाकू, आणि माणसे गिळत फुगत जाणारा व शेवटी सारे ओकून टाकणारा काओनाशी. भरतमुनींनी भयानक रसाची उत्पत्ती बीभत्सातून सांगितली आहे. काओनाशीचा प्रसंग हे तिचे आधुनिक उदाहरण ठरावे. म्हणजेच या चित्रपटात भय आहे आणि ते सौम्य नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चित्रपटाची प्रशंसा करताना हे लपवणे पालकांची दिशाभूल करणारे ठरेल.

प्रमाणपत्राची मर्यादा

योग्यायोग्यतेचा निर्णय आपण बहुधा प्रमाणपत्रावर सोपवतो. अमेरिकेत 'स्पिरिटेड अवे'ला काही भीतिदायक प्रसंगांमुळे पालकांच्या मार्गदर्शनाची श्रेणी मिळाली. ज्यात पित्याचा मृत्यू पडद्यावर घडतो त्या 'द लायन किंग'ला (१९९४) मात्र तेथे सर्वांसाठीची श्रेणी होती. १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'ला मुलांनी प्रौढांसोबतच पाहण्याचे प्रमाणपत्र देण्यात आले होते. पुढे तोच चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. पाहणाऱ्या समाजाचे निकष बदलले होते.

आपल्याकडे चलचित्र कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' या एकाच श्रेणीचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वयोगट केले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, कारण सहा वर्षांचे मूल आणि अकरा वर्षांचे मूल हे एकच प्रेक्षक नव्हेत. तथापि वयाचा आकडा केवळ दृश्याची तीव्रता सांगतो. ते दृश्य कथेत कोणते कार्य करते, हे तो सांगू शकत नाही.

वय आणि भयाचे स्वरूप

या संदर्भात ग्लेन स्पार्क्स व जोआन कँटर यांचे १९८६ मधील संशोधन उपयुक्त आहे. 'द इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेतील नायकाच्या रूपांतराच्या दृश्यानंतर शालापूर्व वयातील मुलांना सर्वाधिक भीती वाटल्याचे त्यांना आढळले. मोठ्या मुलांना तेवढी वाटली नाही, कारण हल्क हा संकटात मदत करणारा आहे हे ती समजू शकत होती. लहान मूल डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावर विश्वास ठेवते. ओळखीचा चेहरा बदलला की त्याच्या लेखी ते माणूसच नाहीसे होते.

हा निष्कर्ष 'स्पिरिटेड अवे'ला लावून पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. या चित्रपटातील सर्वांत कठीण प्रसंग रक्ताचा नसून आरंभीचा, आईवडिलांच्या रूपांतराचा आहे. पाच वर्षांच्या मुलाला ही डुकरे पुन्हा माणसे होतील असा भरवसा कथा लगेच देत नाही. त्यासाठी त्याला सुमारे दोन तास थांबावे लागते. मियाझाकींनी हा चित्रपट परिचितांच्या दहा वर्षांच्या मुली डोळ्यांसमोर ठेवून केला, असे त्यांनी सांगितले आहे. हे वय महत्त्वाचे आहे. दहाव्या वर्षी मूल रूपामागील व्यक्ती ओळखू शकते, आणि चित्रपटाची अंतिम कसोटीही नेमकी हीच आहे. समोरच्या डुकरांत आपले आईवडील नाहीत, हे चिहिरो ओळखते आणि मुक्त होते.

चित्रपटाने दिलेले उत्तर

बालकांना भयापासून किती जपावे, हा प्रश्न खुद्द चित्रपटातच मांडलेला आहे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. युबाबाचा मुलगा बो हा अवाढव्य देहाचा तान्हा आहे. तो उशांनी भरलेल्या खोलीत राहतो. बाहेर गेल्यास जंतूंमुळे आजारी पडू, अशी त्याची समजूत आहे. स्नानगृहातील सर्वांना धाकात ठेवणारी युबाबा या मुलापुढे मात्र वितळते. त्याला कशाचीच झळ लागू नये हीच तिची माया, आणि तिचे फळ म्हणजे वाढलेले शरीर आणि न वाढलेले मन.

पुढे झेनिबाच्या जादूने बो उंदीर होतो आणि चिहिरोबरोबर पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीने प्रवास करतो. परततो तेव्हा तो स्वतःच्या पायांवर उभा असतो आणि चिहिरोला रडवू नकोस, असे आईलाच बजावतो. चिहिरोची कथाही याच दिशेने जाते. भेदरलेल्या मुलीला येथे कोणी जादूची तलवार देत नाही, तर काम देते. ती लाद्या घासते, नदीदेवाच्या अंगात रुतलेला कचरा ओढून काढते, आणि त्या देवाने दिलेला औषधी गोळा स्वतःसाठी न ठेवता हाकू व काओनाशी यांना देते. प्रत्येक भयप्रसंगानंतर तिला करता येण्याजोगी एखादी कृती असते. बालप्रेक्षकासाठी हा भेद निर्णायक मानावा लागेल : जे भय मुलाला असहाय सोडते ते अयोग्य, आणि ज्या भयातून त्याला वाट दिसते ते उपकारक. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ मध्ये परीकथांची बाजू याच भूमिकेतून मांडली होती.

येथे खलपात्राचा नाशही होत नाही. काओनाशी झेनिबाच्या घरी सूत कातू लागतो. भयंकर वाटणारा एकाकी असू शकतो, हा अनुभव मुलाला उपदेशाविना मिळतो.

प्रौढांचा अविश्वास

मुलांना समजणार नाही, ही प्रौढांची धास्ती चित्रपटाच्या इंग्रजी रूपांतरातही दिसते. मूळ जपानी चित्रपटात जे न बोलता सोडले होते, तेथे इंग्रजीत काही संवाद घालण्यात आले. शेवटी गाडीत बसल्यावर नवे घर व नवी शाळा यांविषयी वडील बोलतात आणि चिहिरो आपल्याला ते जमेल असे सांगते, हा संवाद मूळात नाही. चित्रपटभर मुलाने स्वतः अनुभवलेले येथे पुन्हा शब्दांत सांगितले जाते. बदल लहान आहे, पण भयाच्या बाबतीत दिसणारा अविश्वासच तो मौनाच्या बाबतीत दाखवतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की 'स्पिरिटेड अवे' साधारणतः आठ वर्षांवरील मुलांना योग्य आहे. त्याहून लहान मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीने पाहावा. शालापूर्व वयात तो दाखवू नये, आणि तसे केल्याने मुलाचे काही हुकत नाही. कलाकृती चांगली असली तरी ती अवेळी देणे हिताचे नसते.

सोबतीचा मुद्दा मात्र अधिक गंभीर आहे. बोगद्यात शिरताना चिहिरो आईला बिलगते, तेव्हा अशी चिकटू नकोस, चालता येत नाही, असे आई म्हणते. परतताना ती पुन्हा तेच म्हणते. मधल्या काळात मुलीवर काय गुदरले याची आईवडिलांना आठवणच नाही. गाडीवर साचलेली धूळ व पाने पाहून ते फक्त चकित होतात. २०२० मध्ये जिब्लीचे चित्रपट नेटफ्लिक्सद्वारे घराघरांत पोहोचले. मूल पडद्यासमोर आणि पालक शेजारच्या खोलीत, हे दृश्य आता नित्याचे आहे. अशा वेळी केवळ चित्रपट योग्य आहे काय, एवढे विचारून भागणार नाही. तो पाहून झाल्यावर मूल बिलगले तर आपण त्याला काय म्हणणार आहोत, याचे उत्तरही पालकांनी आणि शिक्षकांनी तयार ठेवले पाहिजे.