मूकपटातील बोलके चेहरे

मूकपट म्हणजे बोलता न येणारा सिनेमा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. भराभर पळणारी माणसे आणि वटारलेले डोळे एवढेच त्याचे चित्र आपल्यापुढे येते. वास्तविक त्या काळी सेकंदाला सोळा-अठराच्या आसपास चौकटी टिपल्या जात. पुढे त्याच चोवीसच्या वेगाने दाखवल्या गेल्या, म्हणून माणसे पळू लागली. दोष यंत्राचा, हसे मात्र अदाकारांचे झाले.

या अदाकारीकडे गांभीर्याने पाहिले तर तिच्यात दोन वाटा दिसतात. फ्रान्सची थोर नटी सारा बर्नहार्ट १९१२ च्या 'क्वीन एलिझाबेथ'मध्ये रंगमंचावरचेच हातवारे कॅमेऱ्यापुढे करते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी घडवलेली ती अदा आहे. डेन्मार्कची आस्ता नील्सनही रंगभूमीवरूनच आली. पण १९१० च्या 'आफग्रुंडेन'मध्ये तिने ओळखले, की कॅमेरा जवळ आहे, त्याला ओरडून सांगावे लागत नाही. कार्ल ड्रायरच्या १९२८ च्या 'पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'मध्ये फाल्कोनेत्तीने ही वाट टोकाला नेली. रंगभूषा नाही, पडदाभर फक्त चेहरा. धर्मपंडितांच्या सवालांपुढे तिच्या डोळ्यांतली भीती हळूहळू निश्चयात बदलते आणि तो बदल आपल्यासमोर घडतो.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन'ची (१९१९) सुरुवात अशीच चेहऱ्याने होते. त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. कुंडलमध्ये माझ्या उर्दू माध्यमाच्या वर्गात मी तो भाग दाखवला. घरी दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या मुलांना त्यासाठी कोणतीच भाषा लागली नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, इसको कुछ हुआ नै, करके दिखाती." समीक्षेला याहून अधिक काय सांगायचे असते? मंदाकिनीची हजरजबाबी निरागसता गोड आहे, पण ते भावांचे प्रात्यक्षिक आहे. फाल्कोनेत्तीला मात्र खरोखर 'काहीतरी होते'.

आता आपल्या समाजाशी निगडित असा एक सवाल. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या फातमा बेगम १९२२ च्या 'वीर अभिमन्यू'त पडद्यावर आल्या. बायकांच्या भूमिका पुरुष करीत, तो काळ अजून सरला नव्हता. १९२६ मध्ये स्वतःची कंपनी काढून त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. सुलताना, जुबेदा आणि शहजादी या त्यांच्या मुलीही पडद्यावर आल्या. जुबेदा १९३१ च्या 'आलम आरा'ची नायिका झाली. उर्दू रंगभूमीची ती भारदस्त अदा फातमा बेगमनी कॅमेऱ्यापुढे कशी आणली असेल? बर्नहार्टसारखी, की नील्सनसारखी? सांगता येत नाही, कारण 'बुलबुल-ए-परिस्तान'ची प्रत उपलब्ध नाही. 'आलम आरा'ही नाही.

त्या फिती ज्वालाग्राही होत्या. कित्येक चांदीसाठी वितळवल्या गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. उलट ताजमहालावरील कल्पित कथेचा 'शिराज' (१९२८), जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनने भारतात भारतीय कलावंतांना घेऊन केलेला, ब्रिटनमध्ये जपला गेला आणि २०१७ मध्ये नव्याने उजळून लोकांपुढे आला. 'जोन'ची मूळ रूपातली प्रत तर १९८१ मध्ये ओस्लोच्या एका मनोरुग्णालयात सापडली.

फातमा बेगमविषयी आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया आढळतात. सिनेमातली बाई म्हणून नाव घ्यायचे टाळायचे, नाहीतर भारतातील पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून मिरवायचे. दोन्हींत तिची कला कुठेच नाही. बिरुद म्हणजे रसग्रहण नव्हे. चित्रपट हाती नसेल, तर त्या काळच्या उर्दू वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि परीक्षणे, जुन्या पेट्यांतली छायाचित्रे शोधायला हवीत. उर्दू वाचता येणारे आणि मराठीत लिहिणारे आपल्यात अनेक आहेत. हे काम आपणच करू शकतो, आणि आपण केले नाही तर ते दुसरे कोण करणार?