बेटावरची शिष्टाई

एक जहाज पेरूच्या किनाऱ्यावरून निघाले आहे. जायचे आहे चीन-जपानकडे. बारा महिन्यांची शिधासामग्री बरोबर घेतली होती, पण वारा फिरला, महिने लोटले आणि अन्न संपले. माणसे एक्कावन्न, त्यांतली सतरा अंथरुणाला खिळलेली. मरण समोर दिसू लागले तेव्हा सर्वांनी देवाची करुणा भाकली. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे दाट ढगांसारखे काही दिसले. ती जमीन होती. नकाशावर नसलेली.

किनाऱ्याला लागावे तर तिथली माणसे हातांत काठ्या घेऊन उभी. आरडाओरड नाही, दगडफेक नाही. नुसती खूण, उतरू नका. मग एक होडी येते. होडीत आठ माणसे. त्यांतला एकजण दोन्ही टोकांना निळा रंग दिलेली पिवळ्या वेताची काठी घेऊन बेधडक जहाजावर चढतो आणि एक गुंडाळी हाती देतो. तीत चार भाषांत एकच मजकूर : हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि स्पॅनिश. आशय असा, की कोणी उतरू नये, सोळा दिवसांत निघून जावे. मात्र पाणी, अन्न, आजाऱ्यांना मदत, जहाजाची डागडुजी, काय हवे ते लिहून द्या, मिळेल.

फ्रान्सिस बेकनच्या ‘द न्यू ॲटलांटिस’ ह्या छोटेखानी पुस्तकाची ही सुरुवात. बेकन 1626 साली वारला. पुस्तक अपुरेच राहिले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर त्याचा विश्वासू सहकारी रॉली ह्याने प्रसिद्ध केले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. जुने इंग्रजी मी वाचते ते कोश मांडीवर घेऊनच, आणि हे पुस्तक तर मला दिवाळीच्या दोन सुट्ट्या पुरले. पण ही सुरुवात कोशाशिवायही कळते. दार लावून घेणे आणि दारातून ताट पुढे सरकवणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

बेटाचे नाव बेन्सालेम. तिथे सारा कारभार ज्ञानाभोवती फिरतो. राजा आहे, पण तो दिसत नाही. दिसते ते ‘सॉलोमनचे विद्यागृह’. निसर्गातल्या गोष्टींची कारणे शोधायची आणि माणसाची सत्ता शक्य तितकी वाढवायची, हे त्या गृहाचे काम. आजची प्रयोगशाळा, विद्यापीठ, शेती-संशोधन केंद्र आणि थोडेसे मंत्रालय एकत्र कालवले तर जे होईल ते. 1660 साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी निघाली तेव्हा तिच्या मंडळींनी बेकनला गुरुस्थानी मानले होते. तेव्हा ह्या कथेला नुसती कल्पनेची भरारी म्हणून बाजूला सारता येत नाही.

पण मला विज्ञानाआधी त्या बेटाची शिष्टाई मोह घालते. जहाजावर आलेल्या नोटरीच्या हातात संत्र्यासारखे एक फळ आहे. रोगाचा संसर्ग होऊ नये म्हणून ते तो जवळ धरतो. बडा अधिकारी तर दुरूनच विचारतो, तुम्ही ख्रिस्ती आहात का? चाचे नाही ना? गेल्या चाळीस दिवसांत कोणाचे रक्त सांडले नाही ना? शपथ घ्या. शपथ होते आणि दार किंचित उघडते. मग पाहुण्यांच्या वाड्यात मुक्काम, पहिले तीन दिवस बाहेर पडायचे नाही. आजाऱ्यांना स्वतंत्र खोल्या, लालभडक संत्री आणि करड्या गोळ्या. सतराच्या सतरा झपाट्याने सुधारू लागतात. पाहुण्यांच्या वाड्याचा अधिपती सांगतो, की खर्चाची काळजी करू नका. सदतीस वर्षांत इथे कोणी परका आलेला नाही, त्यामुळे वाड्याच्या तिजोरीत पुष्कळ शिल्लक आहे! सरकारी खात्यातले पैसे खर्च न होता साठले आणि कोणी ते अन्यत्र वळवले नाहीत, ह्या एका वाक्यावरूनच हे बेट काल्पनिक असल्याचे आपला कोणीही वाचक ओळखील.

त्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. मदत करणाऱ्या माणसाला हे खलाशी आपल्या रीतीप्रमाणे नाणी देऊ करतात. तो हसून नाकारतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला देऊ करतात, तोही नाकारतो. कारण त्या बेटावर, लोकांकडून बक्षीस घेणाऱ्या अधिकाऱ्याला ‘दोनदा पगार घेणारा’ म्हणतात. लाच नाही, वरकमाई नाही, चहापाणी नाही. दोनदा पगार. इतका साधा आणि इतका झोंबणारा शब्द आपल्या भाषेला का सुचला नाही, ह्याचे मला वैषम्य वाटले.

आता हे लिहिणारा कोण, ते पाहा. बेकन इंग्लंडचा लॉर्ड चान्सेलर होता, न्यायदानातला अत्युच्च अधिकारी. 1621 साली त्याच्यावर पक्षकारांकडून पैसे घेतल्याचे आरोप आले. त्याने ते कबूल केले. चाळीस हजार पौंडांचा दंड झाला, थोडे दिवस लंडनच्या टॉवरमध्ये कैद झाली, आणि पद कायमचे गेले. ही कथा त्या पतनानंतरची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर ती दोन नकारांची छोटी दृश्ये वाचताना हात थबकतो. पश्चात्ताप म्हणावे, की स्वतःला मिळू न शकलेल्या राज्याचे स्वप्न? त्याच्या खिशात त्या नाकारलेल्या नाण्यांची खुळखुळ चालू होती, एवढे खरे. पुस्तकातले हे सर्वांत जिवंत प्रसंग आहेत, कारण इथे लेखकाच्या अंगावरचे काहीतरी उतरले आहे.

मग खलाशी साहजिकच विचारतात, तुम्हाला आमच्या भाषा, आमचे ग्रंथ, आमची राज्ये सारे ठाऊक. मग तुम्ही आम्हाला ठाऊक कसे नाही? उत्तर मिळते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी सोलामोना नावाचा राजा होऊन गेला. आपले राज्य सुखी आहे, त्याला बाहेरचा वारा लागू नये म्हणून त्याने परक्यांना बंदी केली. पण बाहेरचे ज्ञान तर हवे. म्हणून दर बारा वर्षांनी दोन जहाजे निघतात. प्रत्येकावर विद्यागृहाचे तीन सभासद. ते परदेशी उतरतात, दुसऱ्याच देशाचे नाव सांगून राहतात, तिथली शास्त्रे, कारागिरी, यंत्रे, ग्रंथ टिपतात आणि पुढचे जहाज येईपर्यंत तिथेच थांबतात. त्यांना म्हणतात ‘प्रकाशाचे व्यापारी’. सोने नको, रेशीम नको, मसाले नकोत. हवा तो केवळ प्रकाश.

नाव किती सुंदर! आणि काम? आपल्याकडे शिष्टाई म्हटली की कृष्णशिष्टाई आठवते. कृष्ण हस्तिनापुरात गेला तो भर दरबारात, स्वतःच्या नावाने. काय मागायला आला ते लहान पोरालाही ठाऊक होते. शिष्टाई फसली, पण दोन्ही पक्ष एकमेकांसमोर उभे होते. बेन्सालेमचे दूत खोटे नाव घेऊन येतात, घेऊन जातात, आणि घेतल्याची पोच देत नाहीत. एकोणीसशे वर्षे एकतर्फी व्यापार चालला. बरे, चुकून तिथे पोहोचलेला परका परत जाऊ शकतो, त्याच्यावर सक्ती नाही. पण त्याला राहण्यासाठी इतक्या सुखसोयी देतात, की आजवर एकही जहाज परतले नाही, परतली ती निरनिराळ्या वेळी मिळून फक्त तेरा माणसे. त्यांनी घरी जाऊन काही सांगितले असेल तर लोकांनी ते स्वप्नच मानले असणार, असे अधिपती शांतपणे सांगतो. मऊ गादीचा तुरुंग तो हाच.

मधेच एक कुटुंबोत्सव आहे, तो दिवाळीच्या वाचकांसाठी सांगायला हवा. ज्या पुरुषाच्या वंशातली तीन वर्षांवरची तीस माणसे हयात असतील, त्याचा सत्कार सरकारी खर्चाने होतो. तो खुर्चीवर बसतो, मुलेनातवंडे रांगेने येतात, आशीर्वाद, गाणी, मेजवानी. आणि त्या सगळ्या लेकरांची आई? तिच्यासाठी वर माडीवर आडोसा केलेला असतो. सोनेरी-निळी नक्षीदार काचेची खिडकी. ती तिथून सारे बघते, ती मात्र कोणाला दिसत नाही. बेकनने हे कौतुकाने लिहिले आहे. मी ते वाचून पुस्तक मिटले आणि फराळाच्या कामाला लागले. नंतर जाणवले, की त्या खिडकीतल्या बाईची आणि बेटाची बसण्याची तऱ्हा एकच : पाहायचे, दिसायचे नाही. फरक इतकाच, की बेटाने ती आपखुशीने पत्करली होती.

शेवटचा मोठा भाग म्हणजे विद्यागृहाच्या एका ‘पित्या’ची मुलाखत. हा गृहस्थ माणसांची कीव करीत असल्यासारखी मुद्रा घेऊन शहरात येतो. पाहुण्यांतल्या एकट्या निवेदकाशी तो बोलतो आणि यादी उलगडतो. सहाशे पुरुष खोल गुहा, अर्धा मैल उंच मनोरे, ऋतूआधी फळे धरणाऱ्या बागा, दूरवर नळ्यांतून आवाज पोचवणारी ध्वनिगृहे, कमी ऐकणाऱ्याच्या कानांना मदत करणारी साधने, पाण्याखालून जाणाऱ्या होड्या, हवेत थोडेफार उडण्याची सोय. चारशे वर्षांपूर्वीच्या ह्या माणसाने काय काय ताडले होते हे पाहून अचंबा वाटतो. कामाची विभागणीही नेटकी : बारा प्रकाशाचे व्यापारी, मग ग्रंथांतले प्रयोग गोळा करणारे तीन, कारागिरांचे प्रयोग गोळा करणारे तीन, नवे प्रयोग करणारे तीन, अशी छत्तीस माणसे. प्रयोगाचे फळ फुगवून दाखवील त्याला दंड. संशोधन हे एका प्रतिभावंताचे काम नसून मंडळाचे काम आहे, हा विचार बेकनने रुजवला. त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

पण कादंबरी लिहिणारीच्या नजरेने पाहिले तर इथे कथा मेली आहे. पिता बोलतो आणि निवेदक ऐकतो. एकही प्रश्न नाही! एक प्रयोग फसल्याचे वर्णन नाही, दोन सभासदांचे भांडण नाही, उशिरापर्यंत दिवा लावून बसलेला आणि हाती काही न लागलेला एक तरुण नाही. प्रयोगशाळा म्हणजे नव्वद वेळा चुकण्याची जागा, हे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी करणाऱ्या पोरांनाही कळते.

चुका कोणी दाखवल्या, तर शंभर वर्षांनी जोनाथन स्विफ्टने. 1726 सालच्या गलिव्हरच्या तिसऱ्या सफरीत लापुता हे उडते बेट आहे. तिथले थोर विचारात इतके बुडालेले, की खडे भरलेला फुगा तोंडाकानावर आपटून त्यांना भानावर आणायला नोकर ठेवावे लागतात. शिंपी कोनमापक यंत्राने माप घेतो आणि कपडे वेडेवाकडे होतात. खाली लगाडोच्या विद्यापीठात एकजण आठ वर्षे काकड्यांतून सूर्यकिरण काढतो आहे. ह्या पानांवर मुले पोट धरून हसतात, मीही हसते. तरी स्विफ्टचा निकाल मला पुरता मान्य नाही. तो निष्फळ प्रयोगाला हसतो, आणि निष्फळ प्रयोगाला हसणाऱ्याच्या देशात सफळ प्रयोग होणे कठीण. त्याचे खरे बोट दुसरीकडे पडले आहे : खालच्या गावाने कर दिला नाही, तर ते उडते बेट त्याच्या डोक्यावर येऊन ऊन-पाऊस अडवते. ज्ञानाची उंची आणि खालच्यांचे ऊन, ह्यांचा संबंध त्याने नेमका पाहिला.

बेकनच्या पित्याने हेच सौम्य शब्दांत सांगून टाकले आहे. कोणता शोध जाहीर करावा आणि कोणता नाही, ह्यावर आम्ही विचारविनिमय करतो, गुप्ततेची शपथ घेतो. काही गोष्टी राज्याला सांगतो आणि काही राज्यालाही सांगत नाही. 1945 च्या ऑगस्टपूर्वीच्या वाचकाला ह्यात शहाणपण दिसले असेल. हिरोशिमानंतर वाचणाऱ्याला दोन्हीकडून धडकी भरते : शास्त्रज्ञांनी सांगितले म्हणूनही, आणि सांगितले नसते तर ते ठरवणारे कोण म्हणूनही. 2020 च्या जानेवारीत चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा साऱ्या जगाला खुला केला, म्हणून लस लवकर करता आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात लसींवरचे मालकी हक्क तात्पुरते सैल करा म्हणून भारत आणि दक्षिण आफ्रिकेला जागतिक व्यापार संघटनेपुढे अर्ज करावा लागला. प्रकाश आणायला सगळेच निघतात. वाटायच्या वेळी विचारविनिमय सुरू होतो.

आपणही ह्यात धुतल्या तांदळासारखे नाही. काविळीचे औषध सांगितले की त्याचा गुण जातो, असे म्हणत किती वैद्य मुळ्या बरोबर घेऊन गेले. किती गवयांनी चिजा घरातल्या मुलालाच दिल्या, आणि मुलगा गाता नव्हता.

मी ही गोष्ट सातवीच्या वर्गात सांगितली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, मग त्या लाल संत्र्याच्या बिया त्यांनी घरी नेल्या का?” पित्यासमोर बसलेल्या निवेदकाला जे सुचले नाही ते हिला सुचले. मी सांगितले, पुस्तकात ते नाही.

जे आहे ते असे. बोलणे संपल्यावर पिता निवेदकाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि ऐकलेले सारे इतर राष्ट्रांच्या भल्यासाठी जाहीर करायची परवानगी देतो. आणि जाताना त्याच्या व सोबत्यांच्या हाती सुमारे दोन हजार डुकाट ठेवतो. जिथे साधा कारकूनही नाणे घेत नाही, तिथला सर्वांत मोठा माणूस पाहुण्याला नाणी देतो. आणि पाहुणा ती घेतो. ती बक्षिसी होती, असे बेकन लिहितो. पुढचे पान कोरे आहे, आणि जहाज अजून बंदरातच उभे आहे.